एका गोलाच्या तीन मालकिणी

१

मडकं उपडं केलं आणि समाजमंदिराच्या फरशीवर खापऱ्यांचा ढीग पडला. त्या ढिगात एकच गोल निघाला. बाकी सगळ्यांवर कोळशाची फुली.

गटाची सचिव शितल गुडघ्यावर बसून एकेक खापरी उलटीसुलटी करून बघत होती. तिनं शेवटची खापरी खाली ठेवली, हात झटकले आणि कोरड्या आवाजात सांगून टाकलं. सोळा फुल्या, एक गोल.

फुली म्हणजे हाजराबीला बचत गटातून काढा. गोल म्हणजे राहू द्या.

 भिंतीला टेकून बसलेल्या बायकांत जी ती पदराच्या काठाशी खेळत होती. हाजराबी दारात उभी होती. तिनं कमरेची किल्ली सोडली. समाजमंदिरामागच्या शेडमधल्या हळद-मिरची कांडायच्या यंत्राची किल्ली ती. ती शितलपुढं फरशीवर ठेवून ती निघाली. जाताना कुणाकडं बघितलं नाही, आणि तेच जिवनबाईला जास्त झोंबलं.

जिवनबाई गटाची अध्यक्ष. जवळा बाजारच्या अलीकडं काळझरी म्हणून गाव आहे, तिथली. तिची शाळा दुसरीत सुटली, पण जिभेला कधी सुट्टी मिळाली नाही. गावातली भांडणं पोलिसापर्यंत जायच्या आधी तिच्या ओट्यावर येत, आणि पुष्कळदा तिच्या तोंडाच्या भीतीनंच मिटत. ती पुढ्यात खुर्ची टाकून बसली होती. ढिगातला तो गोल तिनं लांबूनच ओळखला होता. सासूच्या वेळच्या रांजणाच्या काठाचा तुकडा, अंगठ्याएवढा जाड, गावच्या जड पाण्यानं आतून चुन्यासारखा पांढरा पडलेला. तो तिनंच घरून आणला होता, त्यावर गोल तिनंच काढला होता.

म्हणजे सतरा बायकांत माणुसकी असलेली एक मीच, असं तिला वाटलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

"चांगलं केलं बायांनो," ती उठत म्हणाली. "तिच्या हातची मिरची सगळ्यांनी खाल्ली. आता तोंड पोळू नये म्हणून तोंड लपवा."

 

२

हा खापऱ्यांचा उद्योग आला कुठून, तेही सांगायला पाहिजे. महिला दिनाला जिवनबाईच्या नातीनं, आकांक्षानं, भाषण केलं होतं. हिंगोलीला कॉलेजात शिकवते पोरगी. तिनं सांगितलं, इंग्रजीत एक शब्द आहे, ऑस्ट्रसिझम. माणसाला आपल्यातून बाहेर काढणं, वाळीत टाकणं. तो आला ग्रीक लोकांच्या ऑस्ट्राकॉन या शब्दावरून, आणि ऑस्ट्राकॉन म्हणजे साधी खापरी. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांच्या अथेन्स गावात लोक जमायचे आणि जो माणूस डोईजड झाला असं वाटे त्याचं नाव फुटक्या खापरीवर ओरखडून टाकायचे. खापऱ्या पुरेशा भरल्या की ज्याचं नाव जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. घर, शेत त्याचंच राहायचं, पण तोंड दाखवायचं नाही. शिंपल्यालाही ते तोच शब्द म्हणत, आणि जाणकार म्हणतात की त्याचं मूळ आपल्या अस्थीशी जाऊन मिळतं. म्हणजे खापरी, शिंपला आणि माणसाचं हाड हे शब्दाच्या घरात भाऊबंद.

बायका हसल्या होत्या. फुटक्या मडक्याला एवढा मान?

पुढं उन्हाळ्यात हट्टा गावाला विकायला गेलेली हळद परत आली. खाणाऱ्याच्या घशाला आग लागली म्हणे. हाजराबीनं लपवलं नाही. मिरची कांडल्यावर यंत्रातून मूठभर तांदूळ फिरवून काढायचे असतात, ते त्या दिवशी राहून गेलं, असं तिनं बैठकीत उभं राहून कबूल केलं. तरी कुजबुज थांबली नाही. गटाचं नाव गेलं, हिला ठेवायचं कशाला. समोरासमोर हात वर करायला मात्र एकही तयार नव्हती. तेव्हा जिवनबाईची सून, आकांक्षाची आई मिना, जी बैठकीत कधी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली की आपल्या आकांक्षाची खापऱ्यांची रीत काय वाईट आहे. नाव लिहायला न येणारीलाही फुली न् गोल येतो. जिला जे वाटतं ते जिच्या तिच्या खापरीवर. सगळ्यांना पटलं. जिवनबाईला तर नातीचं नाव निघालं म्हणून जास्तच पटलं.

ठरल्याप्रमाणे बायकांनी घरोघरून खापऱ्या आणल्या आणि तिन्हीसांजेला मडक्यात टाकल्या. टाकून होतात तोवर वीज गेली. शितल म्हणाली, आता अंधारात काय मोजता, सकाळी बघू. खोलीला कुलूप लागलं.

आणि सकाळी हे असं.

हाजराबीसाठी ही नुसती गटाची गोष्ट नव्हती. तिचा नवरा महेबूब जाऊन सहा वर्षं झाली. लेकरू नाही. दीर परभणीला, तो कधीचा मागं लागला होता की इथं एकटी काय करतेस, चल, पुतण्याच्या घरी राहा. राहा म्हणजे भांडी घास आणि लेकरं सांभाळ. यंत्र होतं म्हणून ती नाही म्हणू शकत होती. आता रविवारी दिराची जीप येणार होती.

वाटेत भेटेल तिला गोल माझा म्हणून सांगत जिवनबाई तणतणत घरी आली आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं. मिनानं स्टीलच्या घागरीतलं कोमट पाणी आणून दिलं. एक घोट घेऊन जिवनबाईनं तांब्या आदळला. जवळा बाजारच्या बाजारातून नवा माठ आणला होता, चार दिवसही झाले नव्हते. परवा मिनाच्या हातून तो फुटला. झालं, जिवनबाईला विषयच मिळाला. तिनं हाताला भोकं पडलीत का इथपासून सुरुवात केली आणि मिनाच्या माहेरापर्यंत जाऊन आली.

"त्या हाजराबीच्या हातून एवढ्या वर्षांत एक कप फुटला न्हाई. आन् तिलाच काढून राहिले लोक. काढायला पाहिजे कोणाला, ठेवून राहिलेत कोणाला."

मिना खाली मान घालून आत गेली. रोजचंच होतं.

३

दुपारी कमलबाई आली. जिवनबाईची चाळीस वर्षांची मैत्रीण. ती ओट्यावर चढली नाही, अंगणातच उभी राहिली, आणि अशी काही बोलली की शेजारची कोंबडी उठून गेली. म्हणाली, गावभर सांगत फिरतेस की गोल तुझा. लाज वाटत नाही? गोल माझा आहे. तूच फुली मारलीस आणि वर तोंड करून आम्हाला बोलतेस.

जिवनबाई उभी राहिली. दोघींचं असं जुंपलं की लग्नातल्या रुसव्यापासून उधार नेलेल्या पाट्यापर्यंत सगळं निघालं. शेवटी कमलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती शपथा घेणारी बाई नव्हती. तिनं एवढंच विचारलं:

"मी खोटं बोलन व्हय, जिवनबाई? हाजराबीच्या बाबतीत?"

तेवढ्यात राणी आली. गटात सगळ्यांत धाकटी, कोपऱ्यावरच्या घरातली. दोघींचं भांडण ऐकून ती दारातच थबकली होती. मग चाचरत म्हणाली, काकू, भांडू नका, तो गोल माझा होता. मी लाजेनं बोलले नव्हते. सगळ्या जणी विरुद्ध गेल्या असं वाटलं, म्हटलं आपण एकटीनंच कशाला पुढं व्हायचं.



एक गोल आणि तीन मालकिणी. जिवनबाईच्या डोक्यात हळूहळू शिरलं तसं तिचं डोकं तापत गेलं. जिनं जिनं गोल काढला, तिला तिला वाटलं की तो एक आपलाच. म्हणून कुणी विचारलंच नाही की माझा कुठं गेला. मागं भिंतीला बसलेल्यांनी ढीग जवळून बघितलाच नव्हता. ओळखला होता तो फक्त जिवनबाईनं, आणि तो खरंच तिचा होता.

म्हणजे या दोघी खोट्या नव्हत्या. मग त्यांच्या खापऱ्या गेल्या कुठं?

४

खापऱ्या अजून समाजमंदिरातच होत्या, गोणपाटात बांधलेल्या. जिवनबाईनं त्या घरी आणल्या, ओट्यावर पसरल्या आणि कॉलेजातून परतलेल्या नातीला बोलावलं.

आकांक्षानं एक खापरी उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि हात झटकला. बोट कापलं होतं.

जिवनबाईनं तिच्या हातातून खापरी ओढून घेतली. कड लालभडक, कोरी. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी, चौथी, सगळ्याच. काळझरीत कोण आणेल असली खापरी? इथं प्रत्येक घरामागं जुन्या खापऱ्या पडलेल्या असतात. कोणी निखारा न्यायला ठेवतं, कोणी कोंबडीच्या पाण्याला, कोणी कुंडीच्या भोकावर. वर्षानुवर्षं पाऊस खाऊन त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. आणि आतून पांढरा थर. या गावचं पाणी असं आहे की एका उन्हाळ्यात माठाचं पोट पांढरं होतं. या सोळा खापऱ्यांना थराचा पत्ता नव्हता. एकीनंही धड पाणी पाहिलेलं नव्हतं.

"नव्या माठाच्या आहेत," जिवनबाई म्हणाली. "आन् सगळ्या एकाच माठाच्या. कोणीतरी खऱ्या काढून ह्या घातल्या."

आकांक्षानं कापलेलं बोट तोंडात धरलं. मग तिनं सांगितलं की त्या अथेन्समध्येही असंच झालं होतं. टेकडीच्या उतारावर एका जुन्या विहिरीत खोदणाऱ्यांना खापऱ्यांची रास सापडली. दीडशेच्या वर. सगळ्यांवर एकाच पुढाऱ्याचं नाव. पण अक्षर बघितलं तर लिहिणारे हात दहा-पंधराच. म्हणजे कोणीतरी घरी बसून आधीच लिहून ठेवल्या होत्या, वाटायला.

"अडीच हजार वर्षं झाली तरी लोकांना नवा लबाडपणा सुचला न्हाई," जिवनबाई म्हणाली, आणि पायात चप्पल सरकवली.

आकांक्षानं विचारलं, कुठं निघालीस.

जिच्या घरात एक जुनी खापरी सापडणार नाही तिच्या घरी, असं सांगून जिवनबाई अंगणाबाहेर पडलीसुद्धा.

५

शितलच्या नवऱ्याचा थंड पाण्याच्या जारचा धंदा. तिच्या घरात माठ नाही, रांजण नाही, परसात फरशी. खोलीच्या दोन किल्ल्यांतली एक तिच्याकडं. हळद परत आली तेव्हा सगळ्यांत जास्त बोलली तीच. जिवनबाईनं वाटेतच सगळं जुळवून टाकलं होतं. दारातून आत जाता जाता तिनं सुरुवात केली आणि सोफ्यावर बसेपर्यंत शितलला चोर ठरवून मोकळी झाली.

शितल लॅपटॉपवर काहीतरी करत होती. तिनं तो मिटला. ती तरणी आणि शिकलेली. जिवनबाईला घाबरत नसलेली गावातली एकटीच बाई, म्हणून जिवनबाईला ती कधी आवडली नव्हती.

शितलनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की हो, मी फुली मारली. तोंडावर सांगते. हाजराबी मावशी चांगल्या आहेत, पण माल परत आला, आणि चांगुलपणावर धंदा चालत नाही असं मला वाटतं. माझ्या घरी खापरी नव्हती, म्हणून मी राणीकडून मागून घेतली, तिला विचारा. माझी खापरी जुनी होती, हिरवट शेवाळाची. त्या ढिगात ती मला सकाळी दिसली नाही. मला वाटलं, माझंच लक्ष नसेल.

"तवाच काहून न्हाई बोललीस?"

"कारण मला हवं तेच निघालं होतं, मावशी. तुमच्यासारखंच."

 शितल थांबली नाही. तिचा आवाजही चढला होता.

"मला सांगा, मी खापऱ्या बदलल्या असत्या तर तुमचीच एक कशी ठेवली असती? मला काय ठाऊक तुमच्या रांजणाचा काठ कसा दिसतो? जिनं हे केलं तिला तुमची खापरी ओळखता येते. आणि ती तुम्हालापण ओळखून आहे. तिला माहीत होतं, सगळ्यांत मी एकटी चांगली असं निघालं की तुम्ही त्या खुशीत पुढं काही बघणारच नाही."

बाहेर जारची गाडी लागत होती. जिवनबाई उठली. दारापर्यंत गेल्यावर शितलनं मागून आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती हळू आवाजात विचारली.

"दुसरी किल्ली कुठं असते?"

दुसरी किल्ली जिवनबाईच्या घरात असते. स्वयंपाकघराच्या दारामागं, खुंटीला.

६

घरी आली तेव्हा आकांक्षा ओट्यावर मांडी घालून बसली होती. खापऱ्या जोडायचा खेळ मांडला होता तिनं. कडेला कड लावून, मधे ओल्या कणकेचे गोळे चिकटवून माठाचं अर्धं पोट उभं केलं होतं. कोळशाच्या फुल्या आतल्या बाजूला गेल्या होत्या. बाहेरची बाजू पहिल्यांदाच नजरेला पडत होती.

जिवनबाई बघत उभी राहिली. आकांक्षा हातातला तुकडा बसवता बसवता म्हणाली की मला कळत नाही आजी, हाजराबी आजीचं वाईट कोण चिंतील. वाईट असं कोणी तिच्याबद्दल बोलतच नाही.

मग तिलाच काहीतरी आठवलं. अथेन्सची एक कहाणी सांगतात म्हणाली. खापऱ्या टाकायच्या दिवशी एक अडाणी शेतकरी एका माणसाला म्हणाला, मला लिहिता येत नाही, अमक्याचं नाव लिहून दे. ज्याला सांगितलं तोच तो अमका, भला म्हणून गावभर नाव असलेला. त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय बिघडवलं? शेतकरी म्हणाला, काही नाही. मी त्याला ओळखतही नाही. पण जिथं जावं तिथं तो भला, तो भला, ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मग त्या भल्या माणसानं खापरीवर स्वतःचं नाव लिहून दिलं.

आकांक्षानं शेवटचा तुकडा बसवला. माठाच्या पोटावर रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला. भट्टीत जळलेला.

तो डाग दाखवून जिवनबाईनं जवळा बाजारच्या बाजारात कुंभाराशी अर्धा तास हुज्जत घातली होती.

तिनं आकांक्षाला दुकानातून साखर आणायला पाठवलं. घरात साखर होती. पोरीनं आजीच्या तोंडाकडं बघितलं आणि उठून गेली.

"मिना," जिवनबाईनं हाक मारली.

मिना पदराला हात पुसत बाहेर आली. जोडलेला माठ बघून ती दारातच थांबली. रडली नाही, पाया पडली नाही. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा सासूच्या डोळ्यांत डोळे घातले.

तिनं सगळं सांगितलं. माठ मुद्दाम फोडला. फुल्या दुपारीच मारून ठेवल्या, फक्त गोल एकही काढला नाही, कारण एक गोल खरा ठेवायचा होता. सासू झोपल्यावर खुंटीवरची किल्ली घेतली आणि मोबाइलच्या उजेडात खापऱ्या बदलल्या. जाड काठाची तेवढी परत टाकली. खऱ्या खापऱ्या सरपणाखाली आहेत. फेकवल्या नाहीत.

जिवनबाईनं तोंड उघडलं तेव्हा तिला वाटलं होतं की आता हिला उभी चिरते. पण मिनानं तिला बोलू दिलं नाही.

"हाजराबीची भाकर बघ. हाजराबीचं झाडणं बघ. हाजराबीला लेकरू न्हाई तर केवढी सोशिक, आन् तुला दोन असून तोंड वाकडं. लगीन होऊन आले तवापासून ऐकून राहिले, आत्याबाई. यंत्र आलं तवा मी म्हणले होते, मला शिकू द्या. तुमी काय म्हणाल्या? तुझ्या हातानं माठ धड राहत न्हाई, यंत्र काय राहीन. तवा एक माठ फुटला नव्हता माझ्या हातून. एक बी. मग म्हणलं, चला, फोडूनच बघू."

"तिनं काय वाकडं केलं होतं तुझं?"

"कायबी न्हाई," मिना म्हणाली. "तीच तर तकलीफ हाय. तिच्यावर राग बी धरता येत न्हाई."

७

संध्याकाळी मुलगा रविंद्र शेतातून आला. त्याला कळलं आणि तो घाबरला. त्यानं आईला समजावलं की मत पुन्हा घ्या, उंदरानं मडकं पाडलं म्हणा, काहीही म्हणा. हाजराबी राहील, झालं की. घराचं नाव कशाला काढता? आकांक्षाच्या लग्नाचं बोलणं चाललंय.

सगळं खरं होतं. शितलला संशय असला तरी पुरावा नव्हता. पुरावा ओट्यावर कणकेनं चिकटवलेला होता आणि एका लाथेत मोडला असता. गोष्ट दाबायला घरातली चार माणसं पुरेशी होती. जिवनबाईनं अशी कितीतरी प्रकरणं दुसऱ्यांची मिटवली होती, आणि मिटवताना वर चार शिव्याही दिल्या होत्या.

ती रात्रभर कुशी बदलत राहिली. राग कोणावर काढावा तेच तिला कळेना. मिनावर काढायला गेली की तो अर्ध्या वाटेतून तिच्याकडंच परत येई.

रविवारी सकाळी तिनं बैठक बोलावली. दिराची जीप हाजराबीच्या दारात उभी होती, वर गाठोडी बांधून झाली होती. जिवनबाई स्वतः गेली आणि म्हणाली की जायचं तर जा, पण आधी ऐकून जा. हाजराबी आली, दारातच उभी राहिली. आत बस म्हटलं तरी बसली नाही.

जिवनबाई खुर्चीवर बसली नाही.

"चोरी झाली," ती म्हणाली. "माठ माझ्या घरचा. किल्ली माझ्या खुंटीची. हात माझ्या सुनेचे. आन् तिच्या डोक्यात हे भरलं कोणी, तर मी. मला कोणी काही बोलायचं असंल तर आज बोला, उद्या मी ऐकून घेणार न्हाई."

कोणी हसलं नाही. रविंद्र दाराबाहेर होता, तो तिथून निघून गेला. मिना भिंतीपाशी ताठ उभी होती. तिच्या शेजारी कुणी सरकून बसलं नाही, फक्त आकांक्षा जाऊन उभी राहिली.

मग जिवनबाईनं सरपणाखालचं पोतं फरशीवर उपडं केलं आणि आपली जाड काठाची खापरी त्यात टाकली. शेवाळलेल्या, काजळलेल्या, पांढऱ्या थराच्या, प्रत्येक घरची वेगळी. शितलनं मोजलं. गोल जास्त निघाले. हाजराबी गटात राहिली होती, पहिल्यापासून राहिलीच होती. बायकांनी सुस्कारा सोडला. कमलबाई टाळ्या वाजवायला लागली, तशा बाकीच्याही वाजवू लागल्या.

हाजराबी आत आली तेव्हा टाळ्या थांबल्या.

ती ढिगापाशी बसली आणि फुल्यांच्या खापऱ्या वेगळ्या करू लागली. तेव्हा कुठं बायकांच्या लक्षात आलं. या गावात हाजराबीनं हळदीची पाटी घेऊन न गेलेलं घर नव्हतं. कोणत्या घरामागं कोणती खापरी पडलेली असते, कोणाच्या चुलीशी निखाऱ्याची कोणती, तिला सगळं पाठ होतं. ती एकेक हातात घेई, बघे आणि पदरात टाके. शितल सोडून भिंतीजवळच्या कितीतरी माना खाली गेल्या. ज्या आत्ता टाळ्या वाजवत होत्या, त्यांतल्याही दोन.

हाजराबीनं शितलकडून यंत्राची किल्ली घेऊन कमरेला लावली आणि बाहेर पडली. जीपमधली गाठोडी उतरवायला तिनं दिराला सांगितलं, ते त्यानं मुकाट्यानं ऐकलं.

दुपारभर ती गावात फिरली. ज्या घरची फुली, त्या घरी गेली. उंबऱ्यावर खापरी ठेवली आणि प्यायला पाणी मागितलं. बस, एवढंच.  बायकांनी तांबे भरून दिले. शितलनं जारचं थंड पाणी दिलं आणि म्हणाली, पुढच्या वेळी चूक झाली तर मी पुन्हा फुली मारीन. हाजराबीनं मान हलवली, ग्लास रिकामा केला.

शेवटी ती जिवनबाईच्या अंगणात आली. मिनाची खापरी उंबऱ्यावर ठेवली. मिनानं घागरीतलं पाणी आणलं. हाजराबीनं उभ्यानं तांब्या संपवला.

"उद्या सकाळी शेडवर ये," ती म्हणाली. "मिरचीनंतर यंत्र कसं साफ करायचं ते दाखवते. एकटीच्या हातून राहून गेलं, दोघी असलो तर राहणार न्हाई. पण मी तुला माफ केलं असं समजू नको. न्हाई केलं."

मिनानं हो म्हटलं.

जिवनबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, बघ, हिला म्हणतात माणूस. बघून शीक जरा.

हाजराबी वळली. तिचा आवाज चढलेला जिवनबाईनं जन्मात ऐकला नव्हता.

"हे बंद कर. आकांक्षा सांगत होती, त्या अथेन्सच्या लोकांनी त्या भल्या माणसाला गावाबाहेर काढलं ना? चांगलं केलं. तो सुटला. मला परभणीला भांडी घासणं कबूल हाय, जिवनबाई. पण माझं नाव घेऊन तू हिला मारतेस, ती काठी मी होणार न्हाई."

ती निघून गेली. मिनानं तांब्या उचलला, धुतला आणि पालथा घातला.

"आत्याबाई," ती आतून म्हणाली, "जवळ्याच्या बाजारला माठ आणायला मी जाते. डाग असंल तर असू दे."